लखोट्यातले नाव

रविवार, ६ मे १९७३

आज सकाळी विहिरीवर दोन डोकी फुटली. एक पितळी गुंडाने (घागरीने), दुसरे बादलीच्या कडीने. विहिरीत पाणी सव्वा हात उरले आहे (मी स्वतः दोर सोडून मोजले) आणि त्यावर दोनशे अकरा घरे. बायका एकमेकींच्या झिंज्या धरून काठावर लोळत होत्या. रक्त पाण्याच्या गुंडात पडले, तर त्यावरूनही भांडण, की आता हे पाणी कोणाचे.

तेवढ्यात लहानूच्या घरून रडणे ऐकू आले. त्याचा मोठा मुलगा गेला. वय सहा. काल दुपारी ढाळ, संध्याकाळी वांत्या, पहाटे पेटके. आठ दिवसांत आमच्या खदानटोलीतले हे चौथे मूल. लहानू दगडखाणीत घण मारतो. तो स्वतःचे कपाळ दाराच्या चौकटीवर आपटत होता, आणि चौघे त्याला धरत होते तरी आवरत नव्हता.

लोक म्हणतात, माताबाईचा कोप. मी म्हणतो, पाणी. म्हणून आजपासून हे टिपण ठेवतो. रोज नाही, घडेल तसे. उद्या कोणी वाद घातला तर तारीख-वारानिशी पुरावा असावा.

मी चौथी पास. पुढचे सगळे वाचून, स्वतः करून शिकलो. तराजू-काटे दुरुस्त करतो. इतवारी बाजारातल्या निम्म्या दुकानांचे काटे माझ्या हातचे आहेत. एका कॉलेजचा काचपेटीतला विलायती काटा तिथल्या प्राध्यापकांना लागेना, तो मी दोन दिवसांत लावून दिला. वजनमाप निरीक्षकाने माझ्या काट्यावर शिक्का मारायला आजवर एकदाही नकार दिलेला नाही.

देव मानत नाही. १९५४ पासून मानत नाही.

मंगळवार, ८ मे

भगत देवाजीने आज निंबाखालच्या माताबाईच्या ठाण्यापुढे काळा बोकड कापला. सुरी बोथट. दोन घाव घालूनही मान तुटली नाही. बोकड अर्ध्या मानेनिशी उठून चार पावले चालला आणि बायांच्या घोळक्यात जाऊन पडला. देवाजी म्हणाला, हा माताबाईचा इशारा आहे. हैजा (पटकी) मातेने पाठवलेला नाही, वस्तीतल्याच कोणीतरी करणी केली आहे, म्हणून बोकड पटकन मेला नाही.

मला राहवले नाही. मी पुढे झालो, खिशातून घड्याळ काढले आणि म्हणालो, "माताबाई असन तं पाच मिनिटात मले इथंच उलथून पाडावं. मी तिले शिव्या देऊन राह्यलो." आणि दिल्या. लोक मागे सरकले. तीन मिनिटे झाली. काही जणांच्या चेहऱ्यावर मला शंका उमटताना दिसत होती. शंकेचे ते पहिले कोंब मी ओळखतो.

तेवढ्यात अंजनाबाई बादली घेऊन तिथून चालली होती. ती थांबून म्हणाली, "चंपतराव, माताबाईले दुसरे कामधंदे नाहीत का गा? पोट्टे मरून राह्यले इथं, अन् तुमी तिले घड्याळ दाखवून राह्यले?"

सतरा माणसे होती. चौदा हसली. देवाजी हसला ते ठीक. पण लहानूही हसला. दोन दिवसांपूर्वी मूल पुरलेला माणूस, तोंडावर हात ठेवून हसला. पाच मिनिटे पूर्ण झाली ती कोणी पाहिलीच नाहीत. प्रयोग वाया गेला.

अंजनाबाई ही वस्तीची सुईण. विधवा, विहिरीला लागून झोपडे, भाऊ कवडू मिलमध्ये. अडाणी बाई. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. रागावलोही नाही.

गुरुवार, १० मे

मी अंजनाबाईवर रागावलेलो नाही, हे आज पुन्हा तपासून पाहिले. नाही.

बायको, जिजा, म्हणाली, "दोन दिवसांपासून तुमी तिच्या दारावरून जात नाही. फेर घेऊन जाता." मी म्हटले, त्या बाजूला सावली असते. (सकाळी त्या बाजूला सावली नसते. हे जिजाच्या लक्षात आले नाही.)

विषय निघाला म्हणून नोंद करून ठेवतो. १९५४ च्या श्रावणात आमचा मुलगा सातव्या दिवशी धनुर्वाताने गेला. बाळंतपण अंजनाबाईने केले होते. नाळ विळ्याने कापली. विळा उकळलेला नव्हता. त्याने काय होते हे मला पुढे पुस्तकात मिळाले. तिला अजून ठाऊक नसेल. अज्ञानाबद्दल माणसाला शिक्षा देता येत नाही. त्यावरून मी तिला कधी एक शब्द बोललो नाही. एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

ऊन ४५.६ (वर्तमानपत्रावरून).

शनिवार, १२ मे

लहानूची धाकटी मुलगीही गेली. तीन वर्षांची. आता त्याच्या घरात मूल नाही.

मी सीताबर्डीच्या बाजारातून पाणी शुद्ध करायची लाल दवा आणली, पुस्तकात दिल्याप्रमाणे मात्रा तोलली आणि सकाळी सर्वांदेखत विहिरीत घातली. पाणी गुलाबी झाले. बाया ओरडल्या की चंपतरावाने विहिरीत रक्त कालवले. मी समजावून सांगत होतो तेवढ्यात मागून दगड आला. डाव्या कानाच्या वर पाऊण इंच फाटले. दगड कोणी मारला ते पाहिले, पण लिहीत नाही. जिजाने हळद भरली आणि म्हणाली, "तुमी खरं बोलता, पन असं बोलता का आयकनाऱ्याले दगडच सुचते."

देवाजीने दवंडी दिली आहे. उद्या संध्याकाळी सूप फिरवून करणी करणाऱ्याचे नाव काढणार.

सूप फिरवणे म्हणजे असे. सुपाच्या काठात कात्रीची टोके खोचतात. कात्रीच्या दोन कड्यांखाली दोन माणसे एकेक बोट टेकवतात आणि सूप अधांतरी उचलतात. मग भगत वस्तीतली नावे घेतो. ज्या नावाला सूप फिरेल, तो गुन्हेगार.

यात देव नाही, बोट आहे. मनात जे असते ते बोट हळूच करते, आणि बोटाच्या मालकाला पत्ता लागत नाही. काट्याची दांडी मारून कमी तोलणारे दुकानदार मी तीस वर्षे पाहतो आहे. त्यांतले अर्धे खरोखर म्हणतात की आम्ही हात लावलाच नाही, आणि ते खोटे बोलत नसतात.

रविवार, १३ मे, सकाळी ९

उपाय सापडला. इतका सोपा की हसू येते.

मी देवाजीला जाऊन सांगितले की एका बाजूने बोट मी लावणार, दुसऱ्या बाजूने लहानूने लावावे. त्याआधी एक नाव कागदावर लिहून, लखोट्यात घालून, लाखेने बंद करून देवाजीच्याच हाती देणार. नाव माझ्या मनात असेल, म्हणून सूप त्याच नावाला फिरेल. मग लखोटा फोडायचा. मी आधीच ठरवलेल्या नावाला सूप फिरते, म्हणजे ते देवाने नव्हे, माणसाने फिरवले, हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सिद्ध.

देवाजी पटकन कबूल झाला. मूर्ख आहे.

नाव अंजनाबाईचे निवडले. कारण लिहून ठेवतो. वस्तीतली अर्धी पोरे तिच्या हातावर जन्मली आहेत. तिच्यावर कोणाचाच संशय जाणार नाही. तिच्या नावाला सूप फिरले तर लोक हसतील आणि सूप खोटे ठरेल. निवड पूर्णपणे तर्काने केली आहे. कागदावर नाव लिहायला पाच सेकंदही लागले नाहीत.

सोमवार, १४ मे

क्रमाने लिहितो. हात स्थिर आहे.

संध्याकाळी सहाला निंबाखाली दीडशेच्या वर माणसे होती. मी दहा मिनिटे बोटांचे शास्त्र सांगितले. कोणी अडवले नाही. लखोटा देवाजीने कपाळाला लावून हातात धरला. मी आणि लहानूने सूप उचलले. लहानूच्या बोटावर घणाचे घट्टे होते आणि ते थरथरत होते. माझे नव्हते.

देवाजी नावे घेऊ लागला. अकरावे नाव अंजनाबाईचे. सूप आधी हलले, मग अर्धा फेर फिरून कात्रीवरून निसटले आणि खाली पडले.

मी बोट हलवले नाही. हे मी शपथेवर... शपथ कशाची घेऊ. हे मी खात्रीने लिहितो.

मी ओरडलो, "फोडा लखोटा!" किराणावाले गोपाळराव पुढे झाले, त्यांना वाचता येते. त्यांनी लाख फोडली, कागद दोनदा वाचला आणि मोठ्याने म्हणाले, "अंजनाबाई."

मी हसत होतो. हे मला आठवते. मी म्हणालो, "पाहा! आता तरी..."

देवाजीने दोन्ही हात वर केले. "पाह्यलं का? जो मातेले मानत नाही, जो मातेले शिव्या देते, त्याच्याही हातून मातेनं नाव लिहून घेतलं! आता आनखी कोनता पुरावा पाह्यजे?"

एवढेच. पुढचे माझे एकही वाक्य कोणाला ऐकू गेले नाही.

अंजनाबाई बायांमध्ये उभी होती, कडेवर कोणाचे तरी आजारी पोर. तीही पहिल्यांदा हसली, तिला वाटले थट्टा आहे. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता मी का केलं गा, चंपतराव?" तिच्या कडेवरचे पोर कोणीतरी ओढून घेतले. पहिला फटका लहानूचा. सहा वाजून वीस मिनिटे. उघड्या हाताचा होता, पण घण मारणारा हात. ती बसली. मग लाथा. तिला केसांना धरून ठाण्यापर्यंत ओढत नेले, अंतर छत्तीस पावले. लुगडे फाटले. एकीने तिच्या एका हातावर बसकण मारली, दुसरीने दुसऱ्या. दुसरीची तिन्ही बाळंतपणे अंजनाबाईनेच केली होती. ती बाई रडत होती आणि दाबत होती.

देवाजी म्हणाला, "दात पाडा. दात नसन तं मंत्र म्हनता येनार नाही." लहानूने ठाण्यापुढचा शेंदूर लावलेला गोटा उचलला.

मी मध्ये शिरलो. ओरडत होतो, "हा प्रयोग होता! अरे, प्रयोग होता!" कोणाचा तरी गुडघा माझ्या पोटात बसला आणि मी खाली पडलो. तिथून मला फक्त आवाज ऐकू आला. गोटा दातावर बसल्याचा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. पाच वेळा आला. तिसऱ्यानंतर ती ओरडली नाही.

मग झोपड्याला काडी लावली. सगळे तिकडे धावले, आग पाहायला. मी सरपटत तिच्यापाशी गेलो. तोंडात रक्त आणि माती. वरचे चार आणि खालचे दोन दात गेलेले. मला जमिनीवर पाचच मिळाले. सहावा पुष्कळ शोधला. का शोधला, ते सांगता येत नाही.

सव्वासातला कवडू कामावरून आला. त्याने मला काही विचारले नाही. बहिणीला हातठेल्यावर घातले आणि पळत मेयो इस्पितळाकडे नेले.

मंगळवार, १५ मे

पोलीस आले. देवाजी, लहानू आणि आणखी तिघांना बेड्या घालून नेले. लहानू बेडीतल्या हातांनी मला नमस्कार करून गेला. जबानीत मी सूप, बोट आणि लखोटा सविस्तर सांगितला. हवालदाराने विचारले, "तिचंच नाव काहून?" मी म्हणालो, तर्काने. त्याने "सहज" असे लिहिले. मी दुरुस्ती करायला सांगितली नाही.

दुपारी जिजाने भाकर पुढे ठेवली आणि उभी राहिली. "दोनशे अकरा घरं हायेत इथं. तुमी सोताचं नाव काहून नाही लिह्यलं?"

मी सांगितले, सूप धरणाऱ्याचेच नाव असले तर प्रयोग दूषित होतो.

"मंग माह्यं?"

भाकर गार झाली.

शनिवार, १९ मे

चौदा तारखेपासून नवा रोगी नाही. लाल दवा बारा तारखेला घातली. हिशेब बरोबर जुळतो. माझे म्हणणे अक्षरशः सिद्ध झाले आहे.

वस्तीत मात्र म्हणतात, चेटकीण गेली आणि हैजा गेला. आज सकाळी माझ्या उंबऱ्यावर तीन नारळ आणि कुंकू होते. दुपारी कामठीकडून एक जोडपे आले. म्हैस आटली आहे, नजर कोणाची ते लखोट्यात लिहून द्या म्हणाले. बाई माझ्या पाया पडायला वाकली. मी नारळ उचलून भिंतीवर आपटला. तो फुटला, त्याचे पाणी तिच्या तोंडावर उडाले, तिने ते तीर्थ म्हणून डोळ्यांना लावले. मी ओरडलो. ती नवऱ्याला म्हणाली, "अंगात आलं वाट्टे."

संध्याकाळी कवडू आला. आल्याबरोबर त्याने माझी मान धरली आणि भिंतीला टेकवले. तीन-चार श्वास गेले असतील. मग सोडले.

"ते जगून राह्यली," तो म्हणाला. "पेज पिते. पन वस्तीवाले म्हंतात, परत आनली तं जित्ती पुरू. देवाजी सुटून येईन चार दिवसात, लहानू बी येईन. मंग आमी जाव कुठं?"

मी म्हणालो, "मी चौकात सभा घेतो. बोटाचं शास्त्र पुन्हा सांगतो, चित्र काढून."

"तुमच्या शास्त्रानंच दात पडले तिचे. शास्त्र नोका सांगू. एवढंच सांगा का नाव देवीनं नाही धाडलं, तुमच्या मनातून आलं. तुमच्या मनात तिच्याबद्दल काई होतं म्हून आलं."

"असं म्हणता येणार नाही. निवड मी तर्काने..."

तो माझ्या पायापुढे थुंकला आणि गेला.

मानेवर त्याच्या बोटांचे चार वळ. अंगठ्याचा धरून पाच.

बुधवार, २३ मे

आज दुकान लवकर बंद करून घरी एक परीक्षा घेतली. कोणाला दाखवायला नाही.

मनात हे आहे की सूप लहानूने फिरवले असेल. त्याला आधीपासून तिचा संशय असेल. तसे असेल तर माझे नाव आणि त्याचे नाव योगायोगाने जुळले, आणि दोष त्याच्या बोटाचा. हे तपासण्याजोगे आहे. म्हणून दुसऱ्या माणसाशिवाय करता येईल अशी परीक्षा घेतली. पन्नास ग्रॅमचे पितळी वजन, एक हात दोरा, दोरा माझ्या दोन बोटांत. कोपर टेबलावर टेकलेले. वजन स्थिर झाले की वस्तीतली वीस नावे एकेक करून मोठ्याने घ्यायची. हात हलवायचा नाही असा पक्का निश्चय करून. वजन झुलले की खूण करायची.

पहिली फेरी: गोपाळरावाला किंचित, अंजनाबाईला जोरात.

दुसऱ्या फेरीत नावांचा क्रम बदलला. तिसऱ्या फेरीत मुद्दाम देवाजीवर लक्ष एकाग्र केले. त्या हरामखोराचा मला मनापासून राग आहे, तेव्हा वजन त्याच्या नावाला झुलायला हवे होते. झुलले नाही. पुढच्या नावाला झुलले.

एकूण एकवीस फेऱ्या. अठरांत अंजनाबाई.

इथे लहानू नव्हता. दुसरे बोट नव्हते.

मी काट्याचा माणूस आहे. एकवीसपैकी अठरा म्हणजे काटा एका बाजूला झुकलेला आहे. असा काटा माझ्याकडे आला असता तर मी त्यावर शिक्का मारू दिला नसता. आणि हा काटा ज्या पाच सेकंदांत नाव लिहून मोकळा झाला, त्याला मी तर्क म्हणत होतो.

जिजा दारात उभी होती. किती वेळ, ठाऊक नाही. म्हणाली, "मले तं तेव्हाच मालूम होतं."

रविवार, २७ मे, दुपारी १

देवाजी आणि लहानू जामिनावर सुटून आले. संध्याकाळी सहाला मी निंबाखाली बोलणार आहे. जिजाने विचारले, काय बोलाल. मी कागदावर मुद्दे काढले होते. तिने कागद घेतला आणि चुलीत घातला. मी तिला अडवले नाही.

सोमवार, ४ जून

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाईट येते, वेळ लागतो. म्हणून थोडक्यात.

सत्तावीसला शंभरेक लोक होते. मी म्हणालो, "कागदावरचं नाव कोन्या देवीनं नाही लिह्यलं. मी लिह्यलं. तिनं चारचौघात माह्यी थट्टा केली, तुमी हसले, ते मले बोचलं. अन् एकोनीस वर्साआधी तिच्या हातावर माह्यं पोरगं गेलं, न उकळलेल्या विळ्यानं, ते मी पुस्तकात वाचलं, पन तिले कधीच बोललो नाही, मनात ठेवलं. सूप बी माह्याच बोटानं फिरलं. तिनं काही केलं नाही. हैजा पान्यातून आला अन् लाल दव्यानं गेला. पन ते राहू द्या. तिनं काही केलं नाही."

देवाजी म्हणाला, "मातेनं याले येडा केला." कोणी हसले नाही.

मग लहानू उठला. हळू चालत माझ्यापर्यंत आला आणि अगदी जवळून विचारले, "मंग म्या कोनाले मारलं?"

उत्तर त्याला ठाऊक होते.

"सांग ना बे, काटेवाल्या. म्या कोनाले मारलं? माह्ये दोन लेकरं गेले. मले वाट्टे म्या त्याइच्या मारनाऱ्याले मारलं. रोज रातच्याले हेच म्हनून झोपतो मी. तं म्या कोनाले मारलं?" त्याने मला खाली पाडले. उजव्या मनगटावर गुडघा ठेवला आणि दगडाने बोटे ठेचली. प्रत्येक घावाला तेच विचारत होता. चौथ्या घावाला मी म्हणालो, "अंजनाबाईले." तेव्हा त्याने दगड टाकला आणि माझ्या छातीवर डोके ठेवून ओरडत राहिला. दोघांना लोकांनी वेगळे केले.

अंगठा वाचला. मधली दोन बोटे डॉक्टरने काढली. उरलेली दोन वाकणार नाहीत. बारीक काटा लावणे आता जमणार नाही.

लहानूवर तक्रार केली नाही. हवालदाराने दोनदा विचारले.

अर्धी वस्ती म्हणते, चंपतराव खरे बोलला. अर्धी म्हणते, तिला वाचवायला खोटे बोलला. दोन्ही बाजूंत एक फरक पडला आहे. जिवंत पुरण्याची भाषा कोणी करत नाही. कवडूने जळक्या झोपड्यावर टिना (पत्रे) टाकायला घेतल्या, तर दोन जण आपण होऊन हात लावायला गेले. देवाजी त्यांत नव्हता. तो अजून नारळ घेतोच आहे.

रविवार, १० जून

अंजनाबाई आज परतली.

मी सकाळी तिच्या दारी गेलो. फेर न घेता, सरळ रस्त्याने. ती टिनेच्या सावलीत बसून भांडी घासत होती. तोंड आत गेले आहे, वीस वर्षांनी म्हातारी दिसते. बोलताना तोंडापुढे पदर धरते. शब्द सावकाश येतात, पण कळतात.

माझ्या हाताच्या पट्टीकडे पाहून म्हणाली, "दुखते का?"

"हो."

"माह्यं बी."

ती गुंड घासत राहिली. मग म्हणाली, "कवडूनं सांगतलं मले. तुमच्या पोराचं. मी त्या विळ्यानं तेव्हा किती जनीचे नाळ कापले गा, चंपतराव. कोन कोन गेलं असन त्याच्यानं?"

मी म्हणालो, "तुला माहीत नव्हतं."

"तुमाले तं माहीत होतं. पुस्तकात वाचलं तेव्हा येऊन सांगाचं होतं ना. शिव्या द्याच्या होत्या. मी विळा उकळला असता. एकोनीस वर्सं तुमी गप बसले. तेवढे पोट्टे वाचले असते, अन् माह्ये दात बी."

याचा विचार मी कधीच केला नव्हता. एकोणीस वर्षे न बोलणे हा मी माझा मोठेपणा समजत होतो. वस्तीत त्या काळात धनुर्वाताने किती बाळे गेली, त्याची नोंद माझ्याकडे नाही. मी बाकी सगळे मोजले.

मी ओट्याखाली जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "अंजनाबाई, मी माफी मागायला आलो."

"देवाले मागा. तो भोळा आहे, देऊन टाकते."

"देव नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"म्हंजे मलेच मागून राह्यले तुमी."

"हो. तुलाच."

"अन् मी नाही म्हनलं, तं दुसरं कोनी नाही द्याले?"

"नाही."

तिने घासलेला गुंड उपडा ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि पहिल्यांदा तोंडावरचा पदर काढून माझ्याकडे पाहिले.

"मंग नाही देत," ती म्हणाली.

ती उठून आत गेली. मी थोडा वेळ बसलो, मग घरी आलो. जिजाने विचारले, काय म्हणाली. मी सांगितले.

तिच्याहून वर दाद मागायला कोणी नाही. मी देव मानत नाही. आजही मानत नाही.